कोयत्यातलं दुसरं नाव

सर्व्हरने पुन्हा नाक मुरडलं. दामिनीने नोंद पाठवली की पुण्याहून तीच लाल ओळ परत यायची, हा ऑब्जेक्ट ओळखता येत नाही. बाहेर साखर कारखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली, धडगावकडून उतरलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासकट बसल्या होत्या. या हंगामापासून तोडणाऱ्यांना अपघात विमा मिळणार होता, पण नोंदी आज पाचच्या आत सर्व्हरवर पोचल्या तरच. नाहीतर टोळ्या विम्याविनाच फडात जाणार.

दामिनी ब्राह्मणपुरीची. लोणखेड्याला शिकली आणि तिथेच एका छोट्या कंपनीत लागली. इथल्या लॅपटॉपवरचा, नोंदी भरून पाठवणारा क्लायंट प्रोग्राम तिचा, पुण्यातला सर्व्हर हेमकांतचा. हेमकांत तिचाच वर्गमित्र, कळसाडीच्या बागायतदाराचा मुलगा. दोघांच्या प्रोग्राममध्ये ये-जा करणारा ऑब्जेक्ट, म्हणजे नोंदीच्या माहितीचा गठ्ठा, एकच, आणि त्याला दोघांनी न ठरवता एकच नाव दिलं होतं, 'कोयता'. दुसरं नाव सुचणार तरी कुठून? इकडे तोडीचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

सकाळपासून दोघांनी सगळं करून पाहिलं होतं. आधी जोडणीच होईना. पोर्ट बंद होता, तो उघडला. मग सर्व्हरला क्लासच, म्हणजे त्या ऑब्जेक्टचा साचाच, सापडेना. फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडली होती, ती जागेवर आणली. एक एरर घालवावा तर दुसरा उंबरठ्यावर हजर. आणि दोघांचं पालुपद एकच, माझ्याकडे तर चालतंय. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणंच दोन होती.

शेवटी दामिनीने वैतागून त्याचा क्लास मागवला आणि आपल्या क्लासशेजारी उघडून ठेवला. घ्या, दुखणं समोरच होतं. तिच्या कोयत्यात दोन नावांना जागा होती, त्याच्या कोयत्यात एकाच. डबा हिने घडवला, झाकण त्याने, आणि झाकण काही बसत नव्हतं.

हेमकांतला हायसं वाटलं. "ते दुसरं नाव काढी टाक ना," फोनच्या स्पीकरवर त्याचा आवाज आला. "एक कोयता, एक नाव. आपलाकडे असंच चालस."

खोटं नव्हतं ते. आपल्या उसाला किती कोयते लागले, किती आलेच नाहीत, हे तो लहानपणापासून घरी ऐकत आला होता. कोयत्याच्या आत कोण कोण आहे, हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. आणि आता दामिनीकडेही वेळ नव्हता. एक ओळ पुसली की काम फत्ते, विमा लागू, साहेब खूश. उलट सर्व्हर बदलायला घेतला आणि तो पाचच्या आत उभा राहिला नाही, तर सगळ्याच टोळ्या उघड्यावर. तिने ती ओळ निवडली आणि बोट डिलीटवर नेलं.

टेबलासमोर मोतीबाई आणि तिचा नवरा उदेसिंग उभे होते. सकाळपासून चाचणीला याच जोडीची नोंद पाठवणं चाललं होतं. मोतीबाईला त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण दुसरं नाव कोणाचं, हे कळायला यंत्र कशाला लागतंय? ती लंगडत पुढे आली आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "भाऊ, मागला साली पाय मन्हा कापायना. नाव नवरानं व्हतं. मदत नही मिळनी. म्हणे, याना पाय ते धड शे."

दामिनीने बोट मागे घेतलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. हेमकांतला तिने सांगून टाकलं की ओळ मी काढणार नाही, मग काय व्हायचं ते होवो.

 पलीकडून कीबोर्डचा खडखडाट सुरू झाला. नुसतं दुसरं नाव वाढवून भागायचं नाही, हेमकांत म्हणाला, हा कोयता क्लासच मोडीत काढू. 'मजूर' असा नवा क्लास करू, माणशी एक नोंद. आणि या खेपेला आपापलं वेगळं लिहायचं नाही, दोन्हीकडे एकच फाइल ठेवायची. तासभर दोघं कामाला भिडली.

दामिनीने एकट्या मोतीबाईचं नाव भरलं आणि पाठवलं. हिरवी ओळ आली, नोंद स्वीकारली. ती खुर्चीवरून उठून चक्क टाळ्या वाजवायला लागली. मोतीबाईने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, हे मी का? तुम्हीच, दामिनी म्हणाली. मोतीबाई मोठ्यांदा हसली. उदेसिंगलाही चेव आला. त्याने कडुनिंबाकडे बघून हाळी घातली की बायकांनीही या, आपापलं नाव आपण सांगा. पोरंबाळं कडेवर घेऊन बायका रांगेत आल्या. नावं जात राहिली, सर्व्हर निमूट घेत राहिला. शेवटची नोंद पोचली तेव्हा पाच वाजायचे होते.

तेवढ्यात कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याचा हेमकांतला फोन आला. दामिनीही लाइनवर होती. साहेब तापले होते. तोडीला माणसं दरवर्षीच्या दुप्पट दिसताहेत, तुमच्या सिस्टीममध्ये काहीतरी घोळ आहे, ताबडतोब बघा.

"बघितलं, साहेब," हेमकांत म्हणाला. "आत्ता कुठे बरोबर दाखवतंय."