अडीच इंच कमी

"पुन्हा मोडला कां?" वेंकटरावानं मान वर न करताच विचारलं.

"मोडला. पुढचा उजवा शॉक ॲब्सॉर्बर." रघोजी जीपमधून उतरले आणि कमरेवर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहिले. "या खेपेला शॉकबरोबर माझी कंबरही बदलून द्या."

वेंकटराव हसला नाही. तो कधीच हसत नसे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्याच्या वर्कशॉपात दिवसभर लॉऱ्या, मोटारी आणि माणसांची वर्दळ. त्यात हा गृहस्थ कपाळाला आठी घालून वावरायचा. कॉफी मात्र वेळेवर असायची. जीपचा खडखडाट त्याला गल्लीच्या तोंडाशीच ओळखू येई. आजही दोन पेले तयार होते.

रघोजी नेहमीच्या जागी बसले. भिंतीला लावून एक देवदारी खोकं होतं, त्यावर गोणपाटाची घडी. वर्कशॉपात बसायला दुसरी जागाच नव्हती.

कालव्यांवर ओव्हरसियर म्हणून जन्म काढल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावात ही जीप घेतली होती. तिरुवैयारुकडची चार एकर जमीन गाठायची तर कावेरीच्या बांधावरून जावं लागे. बांधावरचे दगड गाडीच्या पोटाला लागायचे, म्हणून त्यांनी चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींना जास्तीचे पाटे घालून गाडी अडीच इंच उचलून घेतली. गाडी उंच झाली, शॉक मात्र जुन्याच मापाचे राहिले. चाक खड्ड्यात लोंबलं की आखूड शॉक ताणला जाई आणि तीन महिन्यांत त्याचा दांडा तुटे. लांब शॉक हवे होते, आणि नेमके तेच मिळत नव्हते.

"मद्रासचं काय?" रघोजींनी विचारलं.

"लिहिलंय."

"तीन वर्षं लिहिताय हो!"

"मग काय, मी घरी ओतून देऊं?"

वेंकटरावानं फळीवर तीन शॉक मांडले. "हा लॉरीचा. लांब आहे, पण कडक. दात हलतील तुमचे. हा मोटारीचा. मऊ आहे, पण तुमच्या पाट्यांचा मार सोसायचा नाहीं. आणि हा आपला नेहमीचा."

रघोजींनी खिशातून दोन गाठी मारलेली सुतळी काढली. चाक लोंबतं ठेवून वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत त्यांनी स्वतः घेतलेलं ते माप होतं. एकेक शॉक पायाखाली धरून ओढला, दाबून पाहिला, सुतळी लावली आणि मान हलवली.

दर खेपेला हे असंच चालायचं. तासभर वाद, मग आखूडच बसायचा. खरं सांगायचं तर त्या तासाचा रघोजींना कंटाळा नव्हता. पत्नी कनकलता गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. स्वयंपाकाची बाई तमिळ, भिलईची नातवंडं हिंदी. आणि इथल्या मराठी मंडळींत उगाच कुणाच्या दारात जाऊन बसायची रीत नव्हती. लग्न, श्राद्ध, नाहीतर काम. वेंकटरावाकडे निदान काम तरी निघत होतं. एवढ्या गावात आपली वाट बघणारं एकही माणूस नाही, हे रघोजींना आत कुठंतरी फार लागायचं.

कॉफी संपवून ते म्हणाले, "हे शेवटचं, वेंकटराव."

"शेवटचं म्हणजे?"

"शुक्रवारी अमरसिंह येतोय. मला भिलईला घेऊन जायला. डॉक्टरांनी सांगितलं, धक्के बंद करा, नाहीतर गाडी बंद करा. गाडी नाहीं तर शेत नाहीं. शेत नाहीं तर मुलाला नाहीं कशाच्या जोरावर म्हणूं?"

वेंकटरावाचा पाना नटावरच थांबला.

"तिकडे करमेल?"

"इथं कुठं करमतंय?"

"आणि धक्के बंद झाले तर? राहाल?"

"राहीन की! जीव इथलाच आहे माझा. पण होणार कसे? तुमचं मद्रास काही उत्तर देत नाहीं."

वेंकटरावानं पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले.

"उठा."

"अं?"

"खोक्यावरून उठा."

त्यानं खोकं भिंतीपासून ओढलं आणि पटाशीनं झाकण उचकटलं. आत तेलकट कागदात दोन नवेकोरे शॉक होते. रघोजींनी घाईघाईनं एक ओढून सुतळी लावली. गाठीला गाठ जुळली.

"अय्यो! अगदी हेच! अहो, कधी आले?"

वेंकटरावानं पाना पुन्हा उचलला. स्वच्छ असलेला पाना तो खाली मान घालून पुसत राहिला.

खोक्याची भिंतीकडची बाजू आता उजेडात आली होती. तिच्यावर रेल्वे पार्सलची चिठ्ठी चिकटवलेली होती. खाली वेंकटरावाच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'रघोजी, जीप.' वर तंजावूर जंक्शनचा शिक्का. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

रघोजींची कंबर ठणकली. तीन वर्षांचे धक्के एकदम आठवले. ते चिठ्ठीकडे बघत राहिले, मग गोणपाटाच्या घडीकडे, मग फळीवरच्या दोन पेल्यांकडे.

त्यांनी दुसरा शॉक बाहेर काढला. रिकामं खोकं पायानं सरकवून पुन्हा भिंतीला लावलं, गोणपाट नीट पसरलं आणि त्यावर बसले.

"बसवा ते," रघोजी म्हणाले. "आणि हे खोकं इथून हलवूं नका. अमरसिंहाला परत पाठवून मंगळवारी येतों मी. काम काही नाहीं."