शिंगांचा हिंगूळ

१९६५च्या पोळ्याला औरंगाबादला निघालेलं विमान बुलढाण्याच्या डोंगरांवर ढगांतून खाली येत होतं. सहवैमानिक सहदेवसमोरचा उंचीचा काटा कॅप्टनसाहेबांच्या काट्यापेक्षा हजार फूट कमी दाखवत होता. साहेबांची नोकरी वीस वर्षांची, याची तीन महिन्यांची. आपलाच काटा बिघडला असेल, म्हणून तो गप्प राहिला. तेवढ्यात ढग फाटले आणि खाली सजवलेले बैल दिसले. बैलच काय, शिंगांना लावलेला हिंगूळसुद्धा! याच मुलखात गुरं वळलेल्या सहदेवची इंग्रजी पळाली. “साहेब, वर घ्या! बैलायचे शिंगं दिसून राह्यले!” साहेबांनी दांडा छातीशी ओढला; समोरची टेकडी चाकांखालून सरकली. आपल्या काट्यावर हवेच्या दाबाचा चुकीचा लावलेला आकडा त्यांनी सुधारला. दोन्ही काटे जुळले. “फरक कधी दिसला तुला?” “केव्हाचाच, साहेब.” साहेब घाम पुसत हसले. “पुढच्या वेळी शिंगांची वाट पाहू नकोस.”