दहाचा फ्यूज

क्षितिजाने पिशवीतून विजेची शेगडी काढली आणि केसरीनाथच्या टेबलावर ठेवली. बाहेरून काळी ठिक्कर पडली होती, पण आतली कॉइल शाबूत होती.

“काका, ही किती वीज खाते ते मोजून द्या.”

राहनाळच्या गोडाऊनला आग लागून आठवडा झाला होता. पॅकिंगला बसणारी काशी त्यात गेली, बिचारी. वॉचमनच्या शेगडीमुळे वायर पेटली, असं मालकाने सांगितलं आणि गावाने ते खरं मानलं. वॉचमन म्हणजे तुळशीराम, या पोरीचा बाप, केसरीनाथचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानेही खाली मान घालून सगळं कबूल केलं होतं. काशीला मीच मारली, असं घरात बडबडत बसायचा म्हणे. आज दुपारी पोलीस त्याचा जबाब लिहून घेणार होते.

“तुला कोणी पाठवलं?”

“कोणी न्हाय. बाबा तर म्हणाले, कुठंही जा, पण केसरीनाथकडं जाऊ नको. आता अख्ख्या कामतघर गावात तुमच्याशिवाय आमच्या ओळखीचा वायरमन आहे कोण?”

केसरीनाथने शेगडी लावली, मीटर धरला. दोनशे तीस व्होल्ट. चार पूर्णांक सहा अँपिअर.

पंचवीस वर्षांत त्याने कधी कागदावर गणित मांडलं नव्हतं. वायरला हात लावून लोड सांगणारा माणूस तो. क्षितिजा डिप्लोमाला होती. तिने वायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर भागाकार केला. कॉइलचा रोध पन्नास ओहम. मग गुणाकार केला. एक हजार अठ्ठावन वॅट.

“एवढीशी तर आहे! काका, त्या लाइनची वायर पंधरा अँपिअर सोसते ना?”

“सोसते.”

“मग साडेचारनं कशी पेटली?”

“मालकानं पॅकिंगची नवी मशीन त्याच लाइनवर टाकली व्हती. ती लई ओढते.”

“ओढू दे की! फ्यूज दहाचा होता. वायर तापायच्या आधी तो उडायलाच पाहिजे. का न्हाय उडाला?”

पोरीच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि त्याला तेच सोसवेना. फ्यूजच खराब असेल, असं म्हणता आलं असतं. फ्यूजच्या पेटीची तर राख झाली होती. कोण बघायला जातंय? शब्द अगदी जिभेवर आला. पण नजर पुठ्ठ्यावरच्या त्या नीटस आकड्यांवर गेली आणि त्याने तो गिळला.

त्याने चपला पायांत सरकवल्या. पुठ्ठा उचलून तिच्या हातात दिला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

“चल. तुझ्या बापाचा जबाब व्हायच्या आत पोलीस स्टेशन गाठू.”

“तिथं सांगायचं काय, काका?”

“मशीन लागल्यापासून फ्यूज रोज उडत व्हता. मालक वरडला, म्हणून तो उडूच नये अशी तांब्याची जाड तार मी त्यात घातली. तुझा बाप टॉर्च धरून उभा व्हता. ‘चालंल ना रं?’ असं दोनदा इचारलं त्यानं. मी म्हटलं, घाबरतोस कशाला, मी हाय ना.”