शिकवलेलं रडणं

रंजीताला रडताच येईना. मानोऱ्याजवळच्या त्यांच्या तांड्यात सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून, सूर लावून रडते. त्याला ढावलो म्हणतात. शब्द आणि चाल, दोन्ही म्हाताऱ्या रुपाबाईनं शिकवायचे. आठ दिवस तिनं शिकवलं, पण पोरीच्या डोळ्यातून टिपूस निघाला नाही.

"रड नं वं माय, लोक काय म्हणतीन?" रुपाबाई कावून जायची.

लग्नाच्या दिवशी मात्र रंजीता बापाच्या, फुलचंदच्या गळ्यात पडली ती सोडेचना.

"बापू, नको पाठवू मले तिथं. तुह्या घरी मजुरी करीन, पण नको पाठवू."

अख्ख्या मांडवानं डोळे पुसले. कुणी मोबाईलवर शूटिंग घेतलं. फुलचंदनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग गळ्यातले तिचे हात सोडवून तिला गाडीत बसवलं.

"काय रडली वं पोरगी!" बाया म्हणाल्या. "रुपाबाई, तुह्यं शिकवणं वाया नाई गेलं."

गाडी दिसेनाशी होईस्तोवर रुपाबाई कसंनुसं हसत उभी राहिली.



रंजीता जे बोलली, त्यातला एकही शब्द रुपाबाईनं शिकवलेला नव्हता.