चार नंबरचं माप

सोमवारपासून खेळाडूंची यादी तिसऱ्यांदा बदलली, तेव्हा सामानखोली सांभाळणाऱ्या मामांनी गरम मशीनचं झाकण असं आपटलं की खिडकीची काच थरथरली.

फुटबॉल क्लबच्या सामानखोलीत टेबलभर नव्या जर्सी पडल्या होत्या. पाठीवर नाव आणि नंबर, छातीवर छोटा नंबर ठेवायचा, मशीनने दाबायचा, की काम झालं. पण काल ज्याचं नाव चिकटवलं तो आज दुसऱ्या क्लबात गेलेला असायचा. मग बसा नखांनी अक्षरं सोलत. मॅनेजर याला ‘संघाची नव्याने बांधणी’ म्हणत होता. त्याचं काय जातंय म्हणायला! बोटं मामांची भाजत होती.

नव्या यादीत चार नंबरपुढे भलतंच नाव होतं. मामांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मॅनेजरला फोन लावला.

“साहेब, चार नंबर कप्तानाचा आहे. अकरा वर्षं झाली.”

“होता, मामा. गुडघे गेलेत त्याचे. नवीन बांधायचं तर जुन्या भिंती पाडाव्याच लागतात.”

“पाडा की. पण त्याला सांगितलंत का?”

“सांगतो ना, आजच सांगतो. तुम्ही मात्र काही बोलू नका. ते माझं काम आहे.”

हे सकाळी दहाला. बाराला मॅनेजर मीटिंगमध्ये होता. दोनला त्याने फोन उचललाच नाही. मामांनी तोवर चार नंबरची जर्सी मुकाट्याने दाबून ठेवली होती, आणि त्यांचं डोकं मशीनपेक्षा जास्त तापलं होतं. कारण आज कप्तान येणार होता. दर सुट्टीत, सराव सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, तो जर्सी घालून बघायला यायचा. त्याचे खांदे कंपनीच्या कुठल्याच मापात मावत नसत. मामा काखेतली शिवण उसवायचे आणि दोन बोटं रुंद कापड जोडून द्यायचे. यंदाही ते कापड त्यांनी पहिल्याच दिवशी कापून ठेवलं होतं.

तीनला कप्तान आला. गुडघ्याला पट्टा, पण स्वारी खुशीत.

“मामा, बचावात दोन नवी पोरं घेतलीत म्हणे. बघितली मी त्यांची मॅच. धावतात झकास, पण एकमेकांशी बोलतील तर शपथ! मी मागून ओरडायला लागलो ना, की पंधरा दिवसांत वठणीवर येतात की नाही बघा.”

“हं,” मामा म्हणाले.

“पहिल्या सामन्यापर्यंत बडबडे करून सोडतो दोघांना.”

“हं.”

“तुम्हाला काय झालंय? दाढ दुखतेय का?”

मामा काही बोलायच्या आत त्याने ढिगातून चार नंबर ओढला. छातीवरचा आकडा बघितला आणि जर्सी डोक्यातून घातली. ती खांद्यांवर येऊन अडकली. दोन्ही हात वर, डोकं आत, असा तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि आतून हसायला लागला.

“मामा, सोडवा!”

मामा त्याच्या मागे गेले. त्याच्या पाठीवर दुसऱ्याचं नाव होतं, त्यांनीच दाबलेलं, अगदी सरळ रेषेत. मामांना एकदम रडायला आलं. त्यांनी जर्सी वर ओढून काढली.

“माप चुकलंय हो. हे पोराटोरांचं माप आहे. परत पाठवा,” असं म्हणत कप्तानाने जर्सी घडी घालायला उलटी केली. मग त्याने घडी घातली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर. मामांनी स्पीकर चालू करून फोन टेबलावर आपटला.

“साहेब, कप्तान इथंच आहे, माझ्यासमोर. बोला त्याच्याशी.”

पलीकडून मॅनेजरचा भरदार आवाज आला. “अरे वा! कप्तान! काय म्हणतोस? घरचे मजेत ना? गुडघा कसा आहे?”

“बरा आहे, साहेब.”

“छान, छान. जप हं त्याला. भेटू एकदा निवांत.”

फोन बंद झाला.

“भेकड लेकाचा!” मामा ओरडले. “एक वाक्य! अरे, एवढं एक वाक्य बोलायला सकाळपासून तोंड लपवत फिरतोय! अकरा वर्षं ज्याने हाडं मोडून घेतली त्याच्याशी असं वागायचं? जीभ झडते का दोन शब्द बोलायला?”

कप्तान शांतपणे जर्सी टेबलावर ठेवून हाताने सारखी करत होता. नावाची बाजू त्याने खाली केली होती.

“मामा, मैदानात मला मागून धक्का मारला ना कोणी, की मी वळून बघतो. कोण आहे ते तरी कळू दे म्हणून,” तो म्हणाला. “कोणीतरी समोरून सांगा ना मला. तुम्ही सांगा.”

मामांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. मॅनेजरने ते कसं बोलायला हवं होतं, हे सकाळपासून त्यांनी मनातल्या मनात दहा वेळा म्हणून बघितलं होतं. कप्तान त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

मामांनी त्याच्या खांद्यांसाठी कापून ठेवलेली कापडाची पट्टी टेबलावरून उचलली. तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“माप,” ते म्हणाले, “बरोबर आहे.”