बदली राजपुत्र

"अंगठी चमकत का नाहीये?" कॅमेऱ्यामागून सोरेन्सन ओरडला. "आणि तू हलू नकोस रे."

डेल्बर्ट हलला नाही. एक गुडघा टेकून, अंगठीचा हात पुढे करून तो तसाच राहिला. समोर मेव्हिस उभी होती. डोक्यावर राजकन्येचा मुकुट, हातांत कोपरापर्यंत पांढरे मोजे, उजव्या हातात पंखा. हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत दोघांचं काम एवढंच, की हिरो-हिरोइनच्या उंचीचे म्हणून त्यांच्या जागी उभं राहायचं. लाइट जमले की खरे नट येणार आणि हे दोघं कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर जाऊन बसणार. पडद्यावर यांचं नखसुद्धा दिसायचं नाही.

अकरा आठवडे हेच चाललं होतं. डेल्बर्टने तिला घोड्यावरून उतरवलं होतं, राजवाड्याच्या जिन्यात तिची वाट अडवली होती, आणि आज तासभर तो तिला मागणी घालत होता. सगळं मुकाट्याने. स्वतःचं म्हणून एक अक्षर काही त्याच्या तोंडून फुटलं नाही. बरं, आजचा दिवस शेवटचा. उद्या सकाळच्या गाडीने मेव्हिस ओमाहाला भावाकडे निघाली होती, ती कायमची. हा तिच्यावर जीव टाकतो हे अख्ख्या सेटला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

"गुडघा दुखतोय?" ओठ फारसे न हलवता तिने विचारलं.

"नाही."

झालं. एवढी आयती संधी, आणि हा पठ्ठ्या 'नाही' म्हणून गप्प. छातीत मात्र असं धडधडत होतं की कोटावरची खोटी पदकं वाजतील की काय, अशी त्याला धास्ती.

"काल हीच अंगठी इथून दिव्यासारखी दिसत होती," सोरेन्सन वैतागला. "फिट्झ, जरा पूस बाबा ती."

सेटवरचं सामान सांभाळणारा फिट्झ पेटी घेऊन धावत आला. वाकला, बघितलं, पुन्हा बघितलं. मग त्याने पेटी उघडली.

"माझी अंगठी तर इथेच आहे. काचेची, बोराएवढी. ही बारकी कुणी आणली?"

वरचे लाइटवालेसुद्धा वाकून बघायला लागले. डेल्बर्टचे कान लाल झाले.

"माझ्या आईची आहे," तो म्हणाला. "मीच बदलली."

मेव्हिसने अंगठीकडे पाहिलं. एका बाजूने झिजलेलं सोनं, मोहरीएवढा खडा. इतक्या लाइटांत तो बिचारा काय चमकणार. तिच्या हातातला पंखा हळूच खाली आला.

तेवढ्यात दारातून हाक आली, "नट आले. चला, जागा मोकळी करा."

खरा राजपुत्र कॉलर नीट करत आत शिरला. त्याच्या मागोमाग राजकन्या. डेल्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मूठ मिटली, मान खाली घातली आणि तो गुडघ्यावरून उठायला लागला.

"हलू नकोस," मेव्हिस म्हणाली, आणि डाव्या हातातला मोजा ओढून काढू लागली.