मुठीतली बोटं

भिंतीतल्या यंत्रानं सकाळी रक्तासाठी हात मागितला आणि शुभदानं आपला पुढे केला. गेल्या महिन्यापर्यंत तिथे तिच्या नवऱ्याचा, विद्याधरांचा हात असायचा. यंत्रच रक्त तपासायचं आणि लगेच औषधही टोचायचं.

"अहो, मूठ घट्ट आवळा, म्हणजे शीर फुगेल," असं म्हणत ती रोज त्यांची बोटं आपल्या मुठीत दाबून धरायची. पूर्वी लॅबमध्ये असंच तर सांगायचे!

मूठ आवळल्यानं रक्तातलं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, हे तिला फार उशिरा कळलं. तोवर न वाढलेलं पोटॅशियम रोज उतरवून यंत्रानं त्यांचं हृदय थांबवलं होतं.

"मूठ सैल सोडा," यंत्र म्हणालं. ही सूचना त्यांच्यानंतर घातलेली होती.

शुभदाला मूठ उघडवेना. आत त्यांची बोटं होती.